बाबा कंपनीत काय करतात?

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक प्रश्न. पटकन उत्तर द्यायचं, शेजारच्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. तुमचे बाबा काय करतात?

‘कंपनीत जातात.’ हेच ना? मला माहीत होतं. अरे, पण कंपनीत जाऊन काय करतात? डबा खातात हे ठाऊक आहे, संध्याकाळी कंटाळून परत येतात हेही ठाऊक आहे. मधले आठ-दहा तास काय होतं? आणि आई कामाला जात असेल तर हाच प्रश्न तिच्याबद्दलही, बरं का!

आता हा प्रश्न मला कुठून सुचला ते सांगतो. तो सुचला वसईहून माथेरानला जाणाऱ्या बसमध्ये, घोडबंदर रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असताना.

वसई पूर्वेला, गोखिवरे-वालीव-सातिवलीच्या बाजूला, गाळ्यांच्या रांगाच्या रांगा आहेत. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरची चूल त्या गाळ्यांवर चालते. तशाच एका इंजिनीअरिंग कारखान्यात मी पुष्कळ वर्षं स्टोअर सांभाळलं. कारखाना लहानच. पस्तीसेक माणसं. पंपांचे शाफ्ट, पितळी बुश, व्हॉल्व्हचे गोळे असा माल तिथे तयार होतो. तुमच्या इमारतीच्या गच्चीवर पाणी चढवणारा पंप असतो ना, त्याच्या पोटात असलं काहीतरी असतं. दिसत नाही, पण ते झिजलं की नळाला पाणी नाही!

यंदा कारखान्याला पंचवीस वर्षं झाली. एरवी आमच्याकडे सण दोनच. एक १७ सप्टेंबरची विश्वकर्मा पूजा, ती उत्तरेकडच्या कामगारांनी आणली. दुसरा दसरा. त्या दिवशी प्रत्येक मशीनला झेंडूचा हार, कपाळावर टिळा लावावा तसं कुंकू, आणि हातात पेढा. वर्धापनदिनाला कधी स्टीलचा डबा, कधी भिंतीवरचं घड्याळ. माझ्या घरी तीन घड्याळं आहेत, तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवतात. या वेळी मात्र शेठनी जाहीर केलं, “डबा नाही, घड्याळ नाही. सगळ्यांनी बायको-मुलांना घेऊन डोंगरात जायचं.” मी निवृत्त झालोय, तरी मलाही बोलावणं आलं.

कुठल्या डोंगरात, यावर आठवडाभर वाद झाला. काही म्हणाले, तुंगारेश्वर आपल्या दारात आहे, तिथेच जाऊ. त्यावर बायका म्हणाल्या, दारातच जायचं तर सहल कसली? शेवटी माथेरान ठरलं. जानेवारीतला एक सुट्टीचा दिवस धरला आणि पहाटे पाच वाजता दोन बस सुटल्या.

वरसावे पुलाच्या अलीकडे बस जी थांबली ती थांबलीच. अंताक्षरी संपली, भडंग संपलं. मुलं किरकिर करायला लागली, म्हणून मी प्रश्न टाकला, “सांगा बघू, तुमचे बाबा कंपनीत काय करतात?” एकेक उत्तर ऐका. “कामाला जातात.” “मशीनवर असतात.” “शेठबरोबर असतात.” एक चिमुरडी म्हणाली, “ओव्हरटाइम करतात!” सगळी बस हसली. तिची आई आमच्याकडेच पॅकिंगला आहे. ती सर्वांत जास्त हसली.

मग एक आठवीतला मुलगा जरा मान वर करून म्हणाला, “माझे बाबा इंजिनीअर आहेत.”

मागच्या सीटवरून लगेच आवाज आला, “ए, कुठले इंजिनीअर? टर्नर आहेत. लेथवर असतात. माझे बाबाच त्यांना माल आणून देतात.”

बसमध्ये कुणी काही बोललं नाही. मुलाचे कान लाल झाले. तो खिडकीकडे वळला आणि ठाणं मागे पडलं, शिळफाटा मागे पडला, बदलापूर आलं तरी त्याने मान फिरवली नाही. त्याचे बाबा दोन सीट पुढे होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांची मान मला मागून दिसत होती. ते पुढे रस्त्याकडे बघत राहिले, एवढंच. मला फार वाईट वाटलं. प्रश्न मीच विचारला होता ना!

नेरळला बस सोडून द्यावी लागते, कारण मोठी गाडी घाटात चढत नाही. वडापाव आणि चहा झाला. टॅक्सी ठरवायला फोरमन गेले आणि आम्ही स्टेशनकडे वळलो. तिथे माथेरानच्या छोट्या गाडीचं एक जुनं वाफेचं इंजिन ठेवलेलं आहे. मुलं त्याच्याभोवती गोळा झाली. आमच्याकडे नुकताच लागलेला एक तरुण इंजिनीअर आहे, हुशार आणि बोलका. त्याने माहिती सांगायला सुरुवात केली. ती तुम्हालाही सांगतो, कारण खरोखर सांगण्यासारखी आहे.

आदमजी पीरभॉय हे मुंबईतले मोठे व्यापारी. त्यांचा पैसा आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची जिद्द, यातून ही रेल्वे उभी राहिली. १९०४ साली काम सुरू झालं आणि १९०७ साली गाडी धावली. खर्च आला १६ लाख रुपये. रुळांतलं अंतर अवघं दोन फूट. तुमच्या शाळेच्या बाकापेक्षाही कमी! नेरळपासून माथेरानपर्यंत वीस-एकवीस किलोमीटर वाट आणि चढ असा की सर्वांत कठीण जागी वीस पावलं पुढे गेलं की एक पाऊल वर. तुम्ही म्हणाल, हे काहीच नाही. पायांना नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाकाला हा चढ फार होतो, चाक घसरतं. म्हणून वाट सरळ वर न नेता डोंगराच्या अंगाखांद्यावरून वळवत वळवत नेलेली आहे. २६ जुलै २००५ चा पाऊस तुमच्या आई-बाबांना विचारा, वसईत किती पाणी भरलं होतं ते. त्याच पावसाने या रुळांचीही दाणादाण उडवली आणि २००७ पर्यंत गाडी बंद राहिली.

इंजिनीअर सांगत होता, मुलं ऐकत होती. आपले टर्नरकाका मात्र कठड्याशी उकिडवे बसून इंजिनाच्या पोटाखाली बघत होते. बसल्या बसल्याच त्यांनी विचारलं, “साहेब, एक विचारू? चाकं सहा. एका बाजूची तिन्ही याच एका दांड्याने बांधलीत. मग वळणावर हे वळतं कसं?”

इंजिनीअर थांबला. “वळतं... म्हणजे... रूळ नेतील तसं जातं.”

“तसं नाही जायचं. अडकेल.”

दोस्तांनो, ते ‘अडकेल’ का म्हणाले कळलं का? घरी जेवणाचं ताट घ्या आणि त्याच्या आतल्या कडेला तुमची पट्टी टेकवा. पट्टीची दोन टोकं कडेला टेकतील, मधला भाग टेकणार नाही. मोठ्या वळणावर हा फरक नगण्य असतो, म्हणून मोठ्या रेल्वेचं भागून जातं. पण इथली वळणं ताटासारखी! तीन आस एकाच लोखंडी चौकटीत घट्ट बसवले तर मधली चाकं एकीकडे ओढणार, टोकाची दुसरीकडे. मग एक तर चाक रुळावरून उतरणार, नाही तर वळणावळणाला सगळं घासून झिजणार.

याचं उत्तर मी कुठेतरी वाचलेलं होतं, म्हणून मी तोंड घातलं. या रेल्वेचे सल्लागार इंजिनीअर होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. आपल्या सोलापूरकडची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली, तीही त्यांचीच. (आणि गंमत म्हणजे याच गृहस्थांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानातून उडी मारण्यासाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूटही तयार केलं. रुळावरून थेट आकाशात!) माथेरानसाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीकडून चार इंजिनं आणली. त्यांच्या पहिल्या आणि तिसऱ्या आसाला एक युक्ती होती. तिला क्लीन-लिंडनर आस म्हणतात. त्यात आसाच्या आत आस असतो. बाहेरचा पोकळ, नळीसारखा, आणि चाकं त्या नळीला जोडलेली. आत भरीव दांडा, तो चौकटीत पक्का. आतला दांडा जागेवरच फिरतो, पण बाहेरची नळी चाकांसकट थोडी तिरकी होऊ शकते, थोडी बाजूला सरकू शकते...

“मग मध्ये गोळा असणार,” टर्नरकाका म्हणाले.

“काय?”

“आतल्या दांड्याला बरोबर मधोमध गोळा पाहिजे. त्याशिवाय नळी तिरकी कशी होईल? आणि गोळ्यातून आडवी पिन. नाही तर दांडा आत फिरत राहील आणि चाकं जागच्या जागी.”

अगदी बरोबर! मी पुस्तकात वाचून जे कसंबसं लक्षात ठेवलं होतं, ते या माणसाने नेरळच्या धुळीत बसून दोन वाक्यांत सांगितलं. इंजिनीअरनेही मोकळेपणी हात जोडले. मला त्याचं हे फार आवडलं.

मुलांना मात्र काही कळेना. मग काकांनी वडापावमधला उरलेला पाव घेतला, आतला गर मळून त्याचा लिंबाएवढा घट्ट गोळा केला आणि एका मुलीची पेन्सिल त्यातून आरपार घातली, गोळा बरोबर मधोमध राहील अशी. वर वर्तमानपत्राची नळी गुंडाळली, गोळ्याला जेमतेम टेकेल एवढी. आता पेन्सिल दोन्ही टोकांना धरून ठेवा आणि नळी हलवा. नळी डावीकडे झुकते, उजवीकडे झुकते, पेन्सिल मात्र सरळच! मग नळी आणि गोळा यांच्या आरपार एक टाचणी टोचली आणि पेन्सिल फिरवली. नळीही बरोबर फिरली. हा प्रयोग तुम्ही घरी जरूर करा. पाव नसेल तर कणीक चालेल. टाचणी टोचताना फक्त बोट सांभाळा.

आता तो आठवीतला मुलगा हळूहळू पुढे सरकला होता. नळी हातात घेऊन त्याने दोन-तीनदा हलवून बघितली. मग विचारलं, “बाबा, लोखंडाचा असा गोळा कसा करतात?”

“लेथवर. हातांनी.”

“पण लेथवर तर गोल दांडे होतात ना?”

प्रश्न चांगला होता. बटाटा सोलताना आई काय करते? बटाटा फिरवते आणि सोलाणं धरून ठेवते. लेथही तेच करतो. लोखंडाचा दांडा गरागरा फिरतो आणि पात्यासारखं हत्यार त्याला टेकवायचं. लाकडावर हे काम करणाऱ्याला आपल्याकडे कातारी म्हणतात, म्हणून टर्नरही म्हणतो ‘जॉब कातला’. हत्यार सरकवायला दोन हँडल असतात. एकाने ते दांड्याच्या लांबीत सरकतं, दुसऱ्याने आत-बाहेर. सरळ दांडा कातायला एका वेळी एक हँडल पुरतं. गोळ्याला दोन्ही एकदम फिरवावी लागतात, आणि तीही सारख्या वेगाने नाही. सुरुवातीला एक भराभर, दुसरं सावकाश, आणि पुढे जाताना बरोबर उलट. एका हाताने डोक्यावर थापट्या आणि दुसऱ्याने पोटावर गोल, हा खेळ तुम्ही खेळला असाल. तो खेळ, पण हत्यार शंभराव्या भाग मिलिमीटरनेही चुकता कामा नये! शेवटी पत्र्याचा अर्धगोल गेज गोळ्यावर धरून उजेडाकडे बघायचं. फटीतून उजेड दिसला की पुन्हा काम.

“तुम्ही करता असं?” मुलाने विचारलं.

“रोज,” काका म्हणाले. “व्हॉल्व्हचे गोळे कोण करतं मग?”

तेवढ्यात फोरमन टॅक्सी घेऊन आले आणि सगळे धावले.

दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना बंदी आहे. तिथून थोडं चालून अमन लॉज स्टेशन आणि तिथून शटलने माथेरान बाजार. पण खिडकीवर सगळ्यांपुरती तिकिटं काही मिळाली नाहीत. मग व्हायचं तेच झालं. ऑफिसवाल्यांची नावं आधी लिहिली गेली, आणि हेल्परमंडळी न सांगताच चालायच्या तयारीला लागली. शेठच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी यादी फाडली. “पोरं, म्हातारी माणसं आणि ज्यांच्या कडेवर बाळ आहे ते गाडीत. बाकी माझ्याबरोबर पायी.” म्हातारा म्हणून माझी वर्णी लागली. खोटं कशाला बोलू, मी नाकारली नाही. लाल मातीतून दोन-अडीच किलोमीटर चालायचं माझं वय राहिलं नाही.

आठवीतल्या मुलाला तिकीट होतं. त्याने ते एका हेल्परकाकांच्या हातात दिलं आणि स्वतः बाबांबरोबर चालायला लागला. खिडकीतून मला ती दोघं मागे राहताना दिसली. मुलगा रुळाकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होता.

माथेरानात काय काय केलं ते थोडक्यात सांगतो, कारण तिथे तुमच्यातले बरेच जण जाऊन आले असतील. पॉइंट बघितले, माकडांनी एक केळ्यांची फणी पळवली, चिक्की घेतली, चपला घेतल्या. जेवणानंतर शेठ बोलायला उभे राहिले. पंचवीस वर्षांपूर्वी एकच लेथ होता, हप्त्याने घेतलेला, आणि टर्नरही एकच होता, हे त्यांनी सांगितलं. तो टर्नर कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं. टाळ्या झाल्या. मग शेठ म्हणाले, यंदा तिसरं सीएनसी मशीन येणार आणि त्याला जागा करायला तो पहिला लेथ काढावा लागणार.

टाळ्या याही वेळी झाल्या, पण काकांच्या हातांकडे माझं लक्ष गेलं. दोन्ही हात मांडीवर नुसते ठेवलेले होते. वर्षानुवर्षं तेल मुरलेले काळे हात. सीएनसी म्हणजे काँप्युटरने चालणारं मशीन. त्यात हँडल नसतात. आकडे आणि इंग्रजी अक्षरं भरायची, मशीन आपलं आपण कातत जातं. परतीच्या बसमध्ये काका माझ्या शेजारी बसले. म्हणाले, “शेठ म्हणतात, तू शीक, दुसरा कुणी नको. पण माझं शिक्षण नववी. ती अक्षरं बघितली की डोकं चालत नाही. या वयात जमेल का हो?” मी काय सांगणार? मी स्टोअरवाला. पुढच्या सीटवर मुलगा झोपला होता, निदान मला तसं वाटलं.

पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. पावाच्या गोळ्याचं विचारलं, तर तो शाळेत दाखवण्याआधीच मुंग्यांनी फस्त केला होता. आता त्याच्या जागी पितळेचा होता, बाबांनी फुकट गेलेल्या तुकड्यातून कातलेला. मुलाने तो माझ्या तळहातावर ठेवला. जड, थंडगार. कुठे बोटाला एक रेघ लागत नव्हती.

जमिनीवर आलेखाचा कागद पसरलेला होता, वर कंपासने काढलेलं अर्धवर्तुळ. मुलगा शिकवत होता आणि बाबा चष्मा लावून ऐकत होते.

“हे एक्स. म्हणजे आत-बाहेर. हे झेड. म्हणजे लांबीत. आणि जी झिरो थ्री लिहिलं की दोन्ही एकदम, गोलात.”

काका बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही हात उचलले आणि हवेतच दोन हँडल फिरवली. एक भराभर, एक सावकाश.

“अरे, मग हे तेच आहे की,” ते म्हणाले. “आण इकडे पेन्सिल.”